किसनची चौथी सोंगटी

या, अशी जवळ सरकून बसा. बुवा अजून पाय धुतायत, मृदंगावर कणीक चढायची आहे, आरतीचं तबकही आलेलं नाही. तोवर एक गोष्ट सांगतो. ही पोथीतली नाही. आपल्याच वऱ्हाडातली आहे, बार्शीटाकळीच्या पलीकडच्या एका गावातली. अमेरिकेत लढाई पेटली होती, विलायतेला कुठून कापूस मिळेना म्हणून आपल्याकडे ज्वारीच्या वावरातसुद्धा पऱ्हाटी उभी राहिली होती, त्या दिवसांतली. गोष्ट सुखाची नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण कीर्तनाला बसण्याआधी मन थोडं ओलं असलेलं बरं असतं.

ती कळायला पट खेळता आला पाहिजे. आता घराघरांतून पट गेले, म्हणून आधी तो मांडून दाखवतो.

पट म्हणजे कापडाची चार पाखांची फुली. एकेका पाखात तीन पट्ट्या, एकेका पट्टीत आठ खण. चारी पाखं मिळतात तो मधला चौक म्हणजे घर. खेळायला चौघं. समोरासमोर बसतात ते जोडीदार, शेजारी बसतो तो वैरी. प्रत्येकाच्या चार सोंगट्या. सोंगटी घरातून निघते, आपल्या पाखाच्या मधल्या पट्टीनं खाली उतरते, मग बाहेरच्या खणांतून चारी पाखांना वळसा घालून पुन्हा आपल्याच पाखाच्या तोंडाशी येते आणि त्याच मधल्या पट्टीनं वर चढून घरी जाते. जिथून निघाली तिथंच पोचायचं, पण फेरा सगळ्या जगाचा.

फासे नाहीत, सहा कवड्या. जितक्या उताण्या पडतील तितके खण. एकच उताणी पडली तर मात्र दहा, आणि सगळ्या पालथ्या पडल्या तर पंचवीस. काही खणांवर फुली भरलेली असते. फुलीवर बसलेल्या सोंगटीला कोणी हात लावत नाही. उघड्या खणात उभी असली आणि वैऱ्याचं दान नेमकं तिथं येऊन संपलं, की मार. मेलेली सोंगटी परत चौकात, आणि दहा किंवा पंचवीस पडल्याखेरीज ती पुन्हा पटावर येत नाही. एकदा आपल्या मधल्या पट्टीत शिरली की भीती संपली. तिथं परक्याला पाऊल टाकता येत नाही.

अजून एक रीत, आणि आपली गोष्ट तिच्यावरच उभी आहे. एकट्यानं घरी पोचून डाव जिंकता येत नाही. जोडीदाराच्याही चारी सोंगट्या पोचाव्या लागतात. म्हणून ज्याच्या आधी पोचल्या, त्यानं पुढची आपली दानं जोडीदाराच्या सोंगट्यांना द्यायची.

झालं. आता त्या घरात चला.

घर महादेवरावांचं. काळ्या मातीचं वावर, चार बैल, दोन बंड्या, म्हणजे बैलगाड्या. बायको दुर्गाबाई. पदरी विधवा बहीण मैनाबाई, जिला सगळं गाव आक्का म्हणायचं. पोरवयातच कपाळ मोकळं होऊन ती भावाकडं आली होती, आणि जीभ अशी की गावचा पाटीलही तिच्या वाटेला जात नसे. मुलगा किसन. आणि किसनची बायको जयवंता, अमरावतीकडची, त्या पावसाळ्याआधीच लग्न होऊन आलेली. माहेरून येताना तिनं आपल्या हातानं शिवलेला पट आणला होता. लाल खादीवर पिवळ्या दोऱ्याचे खण.

दुर्गाबाईला दोन गोष्टींची आवड. एक कीर्तन, दुसरा पट. संक्रांतीला हळदीकुंकवाच्या बाया येऊन गेल्या, तशी ती म्हणाली, "चल वं अमरावतीवाली, पाहू तुझा पट."

तिघीजणी होत्या, चौथं कोणी नव्हतं. किसन ओसरीवर बंडीच्या आसाला वंगण लावत बसला होता. दुसऱ्या दिवशी कापूस भरून निघायचं होतं. आगगाडीचा रूळ तेव्हा अकोल्याला पोचला नव्हता. रूळ जिथं संपत होता तिथवर वऱ्हाडातल्या बंड्यांची रांग लागायची. दुर्गाबाईनं त्यालाच हाक मारली.

"बायांत बसून कवड्या खेळू का आता मी?" किसन म्हणाला.

"बायांच्या हातची पुरणपोळी चालते तुले," मैनाबाई म्हणाली. "बस गुमान. हरशील म्हणून भेतं काय?"

तो बसला, तो जयवंताच्या समोर. जोडीदार समोरच बसतो ना. त्या काळच्या नव्या सुनेनं दिवसाउजेडी नवऱ्याच्या तोंडाकडं कधी पाहावं? पण पटावर पाहावंच लागतं. जोडीदारानं कोणती सोंगटी उचलली, पुढं काय मनात आहे, हे त्याच्या डोळ्यांत बघूनच कळतं. मैनाबाईला सगळं दिसत होतं. "वैनी, ही पोट्टी सोंगट्या पाहूनच नाई राहिली," ती दुर्गाबाईला म्हणाली, आणि जयवंतानं पदर एवढा ओढला की कवड्या पदरातच पडल्या.

किसनचा हात चांगला चालला होता. त्याच्या तीन सोंगट्या घरी गेल्या. चौथी अर्ध्या वाटेवर, समोरच्या पाखात. जयवंताच्या दोन पोचलेल्या, दोन बाहेर. एवढ्यात महादेवरावांनी वावरातून हाक दिली, कापसाचे बोजे बांधायचे होते. किसन उठला.

"डाव मोडायचा नाई," तो म्हणाला. "आहे तसा ठेवा. आल्यावर पुरा करतो."

"शिमग्यापर्यंत येसान ना?" जयवंतानं खाली बघतच विचारलं. सासूसमोर ती नवऱ्याशी पहिल्यांदाच बोलली होती.

"शिमग्याच्या आधीच येतो. येताना तुझ्या पटासाठी हस्तिदंती सोंगट्या आणतो. रुळाच्या टोकाले समदं मिळते म्हणतात."

मैनाबाई म्हणाली, "अन् आमाले?"

"तुले दात आणतो, आक्का."

सगळे हसले. पहाटे बंडी निघाली. पट दुर्गाबाईनं उचलला नाही. कोनाड्याखाली एक पाट ठेवून त्यावर तसाच, सोंगट्यांसकट अंथरून ठेवला. रोज झाडताना जयवंता पाट उचलून बाजूला ठेवी आणि एकही सोंगटी न हलवता परत जागेवर आणी.

शिमगा आला. गोवऱ्यांची होळी पेटली, विझली. किसन आला नाही.

रस्ता वाईट होता, ते सगळ्यांना ठाऊक होतं. शेकडो बंड्या, हजारो माणसं, पाण्याचा एकेक डोह, त्यातच बैल आणि त्यातच माणसं. मरीआईचा, म्हणजे पटकीचा, फेरा त्या रस्त्यानं फिरतोय असं बाजारात बोलत. जयवंता काही विचारत नसे. पण एके दुपारी जेवणं झाल्यावर तिनं पाट मधोमध आणून ठेवला आणि सासूला म्हणाली, "आत्याबाई, माह्या दोन सोंगट्या बाहेर आहेत. त्या घरी नेल्या की माही दानं त्यायच्या सोंगटीले देता येतात ना?"

"येतात."

"मंग मी त्यायची सोंगटी घरी आणतो. सोंगटी आली म्हणजे तेही येतीन." वऱ्हाडात बायकाही बोलताना 'आणतो, जातो' म्हणतात, तशी ती म्हणाली.

दुर्गाबाई तिच्याकडं बघत राहिली. मैनाबाई थट्टा करणार होती, पण तिनंही जीभ आवरली. महादेवराव ओसरीवरून ऐकत होते. सुनेशी ते थेट फारसं बोलत नसत. त्या दिवशी भिंतीकडं बघून बोलले. "पोरीले सांगा, सोंगटी घरी येऊ दे. तोवर किसन आला नाई, तर मी बंडी जुंपतो अन् तिले संगं घेऊन जातो. रुळाच्या टोकापर्यंत पाहून येऊ."

सुनेला घेऊन सासरा मुलगा शोधायला निघणार. त्या काळी असा शब्द कोणी देत नसे. जयवंतानं तो पक्का धरला. अंबामायला हात जोडले आणि नेम केला: रोज दुपारी एकच फेर. प्रत्येकीनं एकच दान टाकायचं. घाई नाही. आपला जोडीदार वाटेत असताना घाईनं सोंगटी मरू द्यायची नाही.

तसा खेळ सुरू झाला. दुर्गाबाई आणि मैनाबाई जोडीदार, त्यांच्याविरुद्ध एकटी जयवंता आणि तिच्यासमोर किसनची रिकामी जागा. त्या जागेवर ती पाण्याचा तांब्या ठेवत असे.

आता बघा गंमत. दुर्गाबाई वैऱ्याच्या बाजूला. तिच्याच पोटच्या पोराची सोंगटी उघड्या खणात उभी, मागून तिची सोंगटी येतेय. एकदा तिला तीन पडले, नेमकी मार बसत होती. दुर्गाबाईनं ती सोंगटी सोडून दुसरीच हलवली.

"वैनी," मैनाबाई म्हणाली, "डोळे गेले काय तुमचे? मार सोडली तुमी."

"नाई दिसली मले."

"नाई दिसली. एवढी मोठी काळी सोंगटी. कीर्तनात बुवाच्या धोतराले पडलेलं भोक दिसते, अन् हे नाई दिसलं."

"खेळ तू आपली," दुर्गाबाई म्हणाली. जयवंता हसली. शिमग्यानंतर ती तेव्हा पहिल्यांदा हसली.

मैनाबाई समजायची ते समजली. तीही मार सोडू लागली, पण सोडताना दरवेळी कुरकुर करायची, म्हणजे खेळ खरा वाटावा. जयवंताच्या दोन्ही सोंगट्या घरी गेल्या. आता तिचं प्रत्येक दान किसनचं. ती कवड्या हातात घोळवायची तेव्हा हातभर हिरव्या बांगड्या कवड्यांच्या आधी वाजायच्या. तिच्यानंतर मैनाबाई टाकायची, तेव्हा नुसत्या कवड्या.

होता होता किसनची सोंगटी तिसरं पाख ओलांडून आपल्या पाखाला लागली.

आणि त्याच आठवड्यात बार्शीटाकळीच्या बाजारात महादेवरावांना पुंजाराम भेटला. शेजारच्या गावचा गाडीवान, किसनच्या बंडीमागंच ज्याची बंडी होती तो. त्याच्या हातात किसनच्या बैलांची दोरी होती. त्यानं काही सांगण्याआधीच महादेवरावांनी विचारलं, "कवा?"

"पोचायच्या आदल्या दिवशी. सकाळी हगवण लागली, दिवस बुडायच्या आत गेला. नदीवर आग्नी देला, मामा. मी देला. मी पण पडलो होतो मंग, म्हणून याले उशीर झाला."

म्हणजे संक्रांतीचे तिळगूळ घरात उरलेले होते तेव्हाच किसन गेला होता. शिमग्याला त्याची वाट बघितली, ती उगाच बघितली. जयवंतानं सोंगटी हलवायला घेतली, तेव्हा ज्याच्यासाठी हलवायची तो नव्हताच.

महादेवराव बैल घेऊन घरी आले. बायकांना म्हणाले, "किसनले रुळाच्या टोकाले काम लागलं. कापसाचे ढीग पडले आहेत तठी, माणसं भेटून नाई राहिली. बैल पुंजारामासंगं पाठवून देले."

दुर्गाबाईचा जीव भांड्यात पडला. जयवंता बैलांच्या कोठ्यात गेली, एकाच्या गळ्यातल्या निळ्या मण्यांवरून हात फिरवला. मग परत येऊन तिनं एवढंच म्हटलं, "बैल दुसऱ्याच्या हाती ते देत नाईत." महादेवराव पाणी प्यायच्या निमित्तानं उठून गेले.

एका शब्दानं सांगून टाकता आलं असतं. पण तो शब्द म्हणजे काय, ते घरात रोज दिसत होतं. मैनाबाईची मोकळी मनगटं दिसत होती. जयवंताचं वय काय. लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं. सोंगटी घरी पोचेपर्यंत असू दे, असं त्या माणसाच्या मनात आलं असेल. सोंगटी पोचली की बंडी जुंपावी लागणार, आणि बंडी जुंपली की सांगावंच लागणार. तोवर असू दे.

चैत्र लागला. रामाचं नवरात्र बसलं आणि गावात बुवा आले. महादेवाच्या देवळापुढं मांडव पडला, दुपारी कीर्तन. ऊन असं की मांडवाच्या भोकांतून आलेला कवडसा पायाला चटका देई. तरी बायाबापड्या मांडीला मांडी लावून बसल्या होत्या. बुवांचा गळा गोड. त्या दिवशी त्यांनी कैलासाचं आख्यान लावलं.

महादेव-पार्वती सारीपाट मांडून बसले. पार्वतीचा हात असा चालला की देव हरत गेले. डमरू गेला, त्रिशूळ गेला, नंदी गेला, अंगावरचं कातडंसुद्धा गेलं. देव रुसले. उठले आणि रानात निघून गेले. बुवांनी झांज थांबवली. "जिंकलं सगळं समोर पडलंय," ते हळू आवाजात म्हणाले, "पट आहे, सोंगट्या आहेत. आणि माय एकटी बसली आहे. आता त्या जिंकण्याचं ती काय करील?" मग पद धरलं. मांडवात बाया डोळे पुसू लागल्या.

पुढं पार्वती भिल्लिणीचं रूप घेते आणि महादेवाला परत घेऊन येते, तेही बुवांनी रंगवून सांगितलं. ऐकून जयवंताचा चेहरा उजळला. "आणलं ना तिनं परत," ती सासूला म्हणाली आणि घाईनं घरी गेली. त्या दिवशी सोंगटी मधल्या पट्टीच्या तोंडाशी उभी होती. मागची फुली मागं राहिली, पुढं फक्त उघडे खण, आणि मग पट्टी. बरं दान पडलं की आत. आत गेली की कोणाच्या बापाला भ्यायचं नाही.

दुर्गाबाई बुवांच्या पायावर डोकं ठेवायला मागं राहिली. बुक्का लावला, प्रसाद पदरात बांधला आणि सावली म्हणून नदीच्या वाटेनं निघाली. नदी कसली, डोहाएवढं पाणी. बाभळीपाशी ती थबकली. डोहात गुडघाभर पाण्यात महादेवराव उभे होते. डोईवर पागोटं नव्हतं. तोंड दक्षिणेला. ओंजळ भरत होते, बोटांवरून पाणी सोडत होते, पुन्हा भरत होते. काठावर पळसाच्या पानावर काळे तीळ.

त्यांच्या बापाची तिथ भादव्यातली, आईची पौषातली. चैत्रात त्या घरात कोणी गेलं नव्हतं. आणि महिन्याच्या महिन्याला तिथीवर पाणी देतात, ते नुकत्याच गेलेल्याला.

दुर्गाबाईनं त्यांना हाक मारली नाही. बाभळीला धरून उभी राहिली. मग पदरातला प्रसाद सुटून पडला तो उचलला, झाडाच्या बुंध्याशी ठेवला आणि घरी आली.

घरी पट मांडलेला. मैनाबाई पाय पसरून बसलेली. जयवंता आपल्या जागेवर, तांब्यात गार पाणी भरून ठेवलेलं, डोळ्यांत बुवांची भिल्लीण.

"आत्याबाई, या लवकर. तुमचं दान झालं की मग माहं. आज आत जाते बघा."

दुर्गाबाई बसली. तिची एक सोंगटी मागच्या फुलीवर होती, किसनच्या सोंगटीच्या दोन खण मागं. तिनं कवड्या उचलल्या. नेहमी ती दान टाकताना रामकृष्णहरी म्हणायची, त्या दिवशी म्हणाली नाही. कवड्या पडल्या. दोन उताण्या.

मैनाबाईनं सवयीनं तोंड फिरवलं. मार सुटणार, आपण कुरकुरायचं, एवढंच आता राहिलं होतं.

दुर्गाबाईचा हात फुलीवरच्या सोंगटीकडं गेला. तिनं ती उचलली, एक खण, दोन खण, आणि किसनची सोंगटी बोटानं सरकवून चौकात टाकली.

 मैनाबाई म्हणाली, "वैनी, काय केलं?"

"मार होती," दुर्गाबाई म्हणाली. "किती दिवस सोडू?"

तिच्या मनात काय होतं ते आता तुम्हाला सांगायला नको. आज सोंगटी आत गेली असती तर चार-आठ दिवसांत डाव संपला असता, बंडी जुंपायची वेळ आली असती. मेली तर पुन्हा दहा पडायची वाट, पुन्हा सगळा फेरा. आषाढ लागेल. तोवर पोरीच्या हातात बांगड्या राहतील. आईनं आपल्या मेलेल्या मुलाची सोंगटी मारली, दुसऱ्याच्या लेकीला थोडे दिवस मिळावेत म्हणून.

पण एवढ्या दिवसांत कधी न मारलेली मार आज मारली. जयवंता शेजारच्याच पाखाशी बसली होती, आणि पटावर खेळणाऱ्याच्या डोळ्यांत बघायची सवय तिला किसननं लावली होती. तिनं सासूच्या डोळ्यांत पाहिलं. मग चौकात आडव्या पडलेल्या सोंगटीकडं पाहिलं, आणि काय ते तिला कळलं.

एक दिवसही मिळाला नाही. दुर्गाबाईनं जे द्यायला सोंगटी मारली, ते मारतानाच संपलं.

"माहं दान," जयवंता म्हणाली आणि कवड्या टाकल्या. चार. चारावर मेलेली सोंगटी निघत नाही. तिनं कवड्या मैनाबाईपुढं ठेवल्या.

संध्याकाळी मैनाबाई कोठ्यात धार काढत होती. जयवंता वासरू धरून उभी राहिली. 

"आक्का, तुमच्या बांगड्या कोणी फोडल्या?"

मैनाबाईचे हात थांबले. तिला काही ठाऊक नव्हतं; त्या प्रश्नानं तिला कळलं. "काहून विचारतं?"

"असंच."

"गावच्या बायांनी. दगडावर. मले त्यायच्यातली एकही ओळखीची नोती." तिनं पुन्हा सड धरला, पण धार नीट पडेना. "माह्या मायनं फोडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं वाटे मले. तिचा हात धीमा होता."

त्या दिवसापासून घरात चौघांनाही माहीत होतं आणि चौघंही एकमेकांपासून लपवत होती. महादेवराव बाजारातून आले की कामाच्या गोष्टी सांगत: किसनचा निरोप आहे, बरा आहे, पावसाळ्यापर्यंत येतो म्हणाला. जयवंता भाकरी वाढत ऐकायची. "बरं झालं," म्हणायची. मैनाबाई पूर्वीसारखी बोलेना झाली, आणि घर तेवढ्यानंच निम्मं मुकं झालं. दुपार झाली की पट मात्र मांडला जायचा. चार, तीन, दोन, पाच. दहा काही पडत नव्हते. दुर्गाबाई मनातल्या मनात तेच मागत होती, की दहा पडू नयेत. देवाच्या दारात आयुष्यभर टाळ वाजवले, पण असलं मागणं तिनं कधी मागितलं नव्हतं.

वैशाखात एके दुपारी पडले. जयवंताच्या हातून कवड्या सुटल्या. पाच पालथ्या, एक उताणी.

दहा. किसनची सोंगटी पटावर यायची. पुन्हा मधल्या पट्टीनं खाली, पुन्हा चारी पाखं, पुन्हा त्या तोंडाशी. आणि तिथं पोचली की दुर्गाबाईला पुन्हा मारावी लागणार.

जयवंतानं सोंगटी उचलली. दुर्गाबाईनं पटाच्या कडेवरचा हात ओढून मांडीवर घेतला. तिनं तो दुसऱ्या हाताखाली दाबला. जयवंताला ते दिसलं. सोंगटी हातातच राहिली.

"राहू द्या, आत्याबाई," ती म्हणाली. "किती खेपा माराल त्यायले?"

दुर्गाबाईनं तोंडात पदर घातला. ओसरीवर महादेवराव सुतळी वळत होते. त्यांच्या हातातली सुतळी तशीच राहिली. जयवंतानं सोंगट्या एकेक करून गोळा केल्या, पिशवीत टाकल्या. पटाची चारी पाखं आत दुमडली. किसनच्या जागेवरचा तांब्या उचलून तुळशीला ओतला. मग दोन्ही हात मैनाबाईपुढं केले.

"आक्का, तुमी फोडा. तुमचा हात मले ओळखीचा आहे."

मैनाबाईनं खूप वेळ नाही म्हटलं. मग फोडल्या.

पुढं सांगण्यासारखं थोडं आहे. रूळ अकोल्याला आला, अमरावतीच्या बाजूला गेला. अमेरिकेतली लढाई संपली, तसा कापसाचा भाव बसला, आणि ज्वारीच्या वावरांत पुन्हा ज्वारी आली. महादेवराव फार दिवस जगले नाहीत. दुर्गाबाई जगली, म्हातारी झाली, तरी कीर्तन चुकवत नसे. पण बुवा कैलासाचा सारीपाट लावू लागले की उठून देवळाबाहेर जाऊन बसायची. तिला घरी न्यायला जयवंता यायची, काही न विचारता तिच्याशेजारी बसून राहायची, कीर्तन संपेपर्यंत. तो पट कोणी पुन्हा उघडला नाही. लाल खादी घडीवर विरत गेली, आणि एक दिवस हात लावताच घड्यांवरून फाटली.

हे बघा, बुवा आले. मृदंगावर थाप पडली. सावरून बसा. एवढंच मागतो: कधी तुमच्या घरी पट निघाला, मुलं हसतखेळत एकमेकांच्या सोंगट्या मारू लागली, तर त्यांना अडवू नका. खेळच आहे तो. पण मारलेली सोंगटी चौकात जाईल तेव्हा क्षणभर दुर्गाबाईची आठवण करा. तिच्यासाठी दुसरं काही करता येण्यासारखं उरलेलं नाही.